किती मुलांची शाळा?

“अमुक वाडीवरची शाळा चालविणे आता परवडत नाही,” हे वाक्य अलीकडे आपल्या कानांवर इतक्या वेळा येते की, त्यात विचार करण्यासारखे काही आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. परवडणे आणि न परवडणे ही बाजारातली क्रियापदे होत. दुकानदाराने ती वापरावी, शेतकऱ्याने वापरावी. त्यांची गाठ नफ्यातोट्याशी असते आणि तोटा आला तर तो त्यांच्याच घरात येतो. परंतु सर्वांच्या पैशाने आणि सर्वांच्या मुलांसाठी चालविलेल्या शाळेविषयी सरकार ज्या वेळी हेच क्रियापद उच्चारते, त्या वेळी ते कोणाचा तोटा मोजीत असते? पंधरा मुलांची शाळा बंद करून ती मुले दूरच्या मोठ्या शाळेत घालावी काय, हा प्रश्न वरवर पाहता कारभाराचा आहे. आमच्या मते तो मुख्यतः नीतीचा आहे, आणि त्याचा विचार करण्यास रायगड जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण सहसा सापडावयाचे नाही.

रायगड म्हणजे जुना कुलाबा जिल्हा. १ जानेवारी १९८१ पासून त्यास हे नवे नाव मिळाले. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्री, आणि मधल्या पट्ट्यात धरमतर, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या दूरवर आत शिरलेल्या. किनाऱ्याने कोळीवाडे, खाजणांच्या कडेने आगरी लोकांची गावे, डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या, अशी येथील वस्ती आहे. उरण तालुक्यातील घारापुरी हे बेट मुंबईच्या अगदी समोर असून तेथे वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले. उलट पनवेल पाहावे, तर तेथे २०१६ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार भरली. त्यांपैकी साडेसात लाख माणसे पंधरा तालुक्यांतील या एकट्या पनवेल तालुक्यात राहत होती. पोलादपूर, म्हसळा, तळा यांसारख्या तालुक्यांतील तरुण मुंबईस जातो, आणि गावाकडे म्हातारी माणसे, बंद घरे व गणपतीत परत येणारा चाकरमानी एवढेच उरते. अशा या परस्परांशी कसलेच साम्य नसलेल्या भूभागात जिल्हा परिषदेच्या सुमारे अडीच हजार प्राथमिक शाळा आहेत. एकच नियम त्या सर्वांस सारखा लावावयाचा म्हटले, तर तो कोणास तरी आखूड आणि कोणास तरी ढगळ होणारच.

या शाळा एका दिवसात उभ्या राहिल्या नाहीत, आणि कोणी कृपा म्हणूनही त्या दिलेल्या नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यातील मुख्य गाऱ्हाणे हेच होते की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले, आणि त्याविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले त्यांत खर्चाचा आक्षेप ठळक होता. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी जिल्हा लोकल बोर्डांकडे आली. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा भाग त्या काळी जंजिऱ्याच्या संस्थानात होता. तो १९४८ साली विलीन होऊन या व्यवस्थेत आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लोकल बोर्डांच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. या ऐंशी वर्षांच्या इतिहासात ‘परवडत नाही’ हे उत्तर वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळ्या भाषांत दिलेले आढळेल. प्रत्येक वेळी ते उत्तर नाकारूनच पुढचे पाऊल पडलेले आहे.

याच जिल्ह्यातील आणखी एका घटनेचे स्मरण येथे करणे अवश्य आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुली असावीत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळाने तो संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी स्वतः चालत जाऊन पाणी पिईपर्यंत चवदार तळे कागदावरच खुले राहिले. पाण्याविषयीच्या या लढ्यातून शाळेविषयी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ठराव आणि प्रत्यक्ष पोहोच यांत अंतर असते, आणि ते अंतर दुर्बलालाच तोडावे लागते. दुसरी अशी की, त्या तळ्यावर किती माणसे पाण्यास येतील, तेवढ्यांसाठी हा खटाटोप कशास हवा, असा हिशेब त्या वेळी कोणी न्यायाच्या नावाने मांडला असता तर तो आपणांस आज हास्यास्पद वाटला असता. हक्क माणसाचा असतो, संख्येचा नव्हे, हे पाण्याच्या बाबतीत आपणांस सहज पटते. शाळेच्या बाबतीत ते पटण्यास इतकी अडचण का पडावी?

आता कायद्याची आजची स्थिती पाहू. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत असे आहे की, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत, जेथे निदान वीस मुले उपलब्ध असतील तेथे शाळा असावी. हा नियम शाळा कोठे काढलीच पाहिजे हे सांगण्यासाठी आहे. विसांहून कमी मुले असतील तर असलेली शाळा मोडावी, असे त्यातून निघत नाही. ‘पाऊस पडला तर छत्री घ्यावी’ यावरून ‘पाऊस नसेल तर छत्री फेकून द्यावी’ असा अर्थ काढणाऱ्यास आपण तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्याकडे परत पाठवू. तथापि कारभारात हा उलटा अर्थ रुळत चालला आहे. २०१७ च्या अखेरीस दहांहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला. २०२३ च्या सप्टेंबरात विसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा कमी पटाच्या शाळा त्या वेळी राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या.

समूह शाळेच्या बाजूने जे म्हटले जाते ते मुळीच टाकाऊ नाही, आणि त्याचा विचार न करता वाडीवरच्या शाळेचे गोडवे गाणे हा केवळ भावनाविलास होईल. एका शिक्षकाने एकाच खोलीत चार इयत्ता शिकवावयाच्या, फळ्याचे चार भाग करून प्रत्येकात एकेका इयत्तेचा पाठ लिहावयाचा, मधूनच पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा आणि तालुक्यास बैठक निघाली की शाळेस कुलूप लावावयाचे, हे चित्र आम्ही पाहिलेले आहे. तेथील शिक्षकाच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही, तेथील मुलास पुरेसे मिळते असे आम्हांस म्हणवत नाही. ज्या इयत्तेत एकच मूल आहे त्यास स्पर्धा नाही, सोबत नाही, खेळावयास गडी नाही. खेळाचा संघ, वाचनालय, प्रयोगाची साधने या गोष्टी पंधरा मुलांत होत नाहीत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे कायदा म्हणतो; पण दुसरा शिक्षक बदलीने गेला तर त्याच्या जागी कोणी कधी येईल याचा भरवसा नसतो. मोठी शाळा यांपैकी पुष्कळ उणिवा भरून काढू शकेल. म्हणून लहान शाळा ही स्वतःच एक पवित्र वस्तू आहे असे आमचे म्हणणे नाही.

परंतु येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. मुलाच्या हिताचे काय, हा एक प्रश्न. खजिन्यास स्वस्त काय, हा दुसरा. पहिल्याचे नाव पुढे करून दुसऱ्याचे उत्तर द्यावयाचे, ही यातील खरी फसगत आहे. ती ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मुलाचे हित हाच हेतू असेल, तर मोठी शाळा आधी सिद्ध होईल, वाहन आधी ठरेल, पावसाळ्यातील वाट आधी बांधली जाईल, आणि मग लहान शाळा बंद होईल. बचत हा हेतू असेल, तर कुलूप आधी लागेल आणि बाकीचे ‘यथावकाश’ होईल.

यास दूरच्या एका देशाचा दाखला देता येईल. अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक शाळामंडळांकडे असतो. १९४० च्या सुमारास अशी सुमारे १,१७,००० मंडळे तेथे होती. आज ती सुमारे १३,००० उरली आहेत, आणि एकशिक्षकी शाळा तर जवळजवळ नामशेष झाल्या. एकत्रीकरणाचे पुरस्कर्ते हा आकडा आवडीने सांगतात. परंतु त्या आकड्यामागे पक्के रस्ते आणि सार्वजनिक खर्चाने दारापर्यंत येणारी शाळेची मोटार होती, हे सांगावयास ते विसरतात. एवढे करूनही तेथील पुष्कळ गावांस शाळेबरोबर आपले गावपणही गेल्याची हळहळ वाटलीच.

आपल्याकडील एक किलोमीटर हा नकाशावरचा किलोमीटर असतो. ज्या प्रदेशात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तेथे जुलै महिन्यातील किलोमीटर आणि जानेवारीतील किलोमीटर यांची लांबी एक नसते. मध्ये वहाळ भरून वाहत असेल तर सात वर्षांच्या मुलास पलीकडची शाळा दिसते, पण गाठता येत नाही. भाड्याच्या जीपगाडीचा पैसा दोन महिने थकला की गाडी बंद पडते. मुलगी असेल तर आईबापांची काळजी निराळीच. आणि कातकरी कुटुंब असेल, तर भातकापणी आटोपल्यावर ते बहुधा वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर निघून जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मधल्या काळात त्या मुलास शाळेशी बांधून ठेवणारा धागा एकच असतो. तो म्हणजे वाडीवरची शाळा आणि नावानिशी त्यास ओळखणारे तेथील गुरुजी अथवा बाई. दूरच्या शाळेत त्याचे नाव पटावर राहील. पण ते आले नाही म्हणून झोपडीशी जाऊन चौकशी कोण करील?

समजा, एका वाडीत बारा मुले आहेत. शाळा हलविल्यावर त्यांतील आठ मुले मोठ्या शाळेत नीट जाऊ लागली व पूर्वीपेक्षा अधिक शिकली. तिघे पावसात घरी राहू लागले. एक मुलगी धाकट्या भावास सांभाळीत वर्गाच्या दाराशी बसत असे. तिचे शिक्षण सुटले. अहवाल लिहिणारा म्हणेल की सरासरी वाढली, आणि त्याचे गणित बरोबर असेल. ‘अधिकांचे अधिक सुख’ हे ज्या बेंथमचे सूत्र म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्या मतानुसारही हा व्यवहार फायद्याचाच ठरेल, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. बेंथमच्या गणितात निदान प्रत्येक माणूस एक म्हणून मोजला जातो. विसांच्या नियमात मात्र वीस मुले म्हणजे एक शाळा आणि एकोणीस मुले म्हणजे शून्य. हा हिशेब उपयुक्ततावादाचाही नव्हे. कांटच्या दृष्टीने पाहिले तर दोष अधिकच उघडा पडतो: त्या मुलीस इतर आठांच्या प्रगतीचे साधन करण्यात आले. स्वतः होऊन केलेला त्याग हा सद्गुण आहे. दुसऱ्याने परस्पर करविलेल्या त्यागास त्या नावाने ओळखता येत नाही. आणि ज्याच्याकडे गमावण्यास सर्वांत थोडे आहे त्याच्याकडूनच तो करविला गेला, तर त्यास अन्याय म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

येथे एक समर्थन आमच्या बाजूनेच पुष्कळदा केले जाते. ते आम्हांस मान्य नाही हे सांगितले पाहिजे. महाडनजीकच्या नाते गावी जन्मलेले आणि रोहे व तळे येथील शाळांत शिकलेले चिंतामणराव देशमुख हे पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हा उद्या एखाद्या वाडीतूनही असे रत्न निघेल, म्हणून शाळा राखा, असे म्हणतात. उदाहरण सुंदर आहे, पण युक्तिवाद घातक आहे. कारण त्यातही मुलाची किंमत त्याच्या पुढील उपयोगावरच ठरविलेली आहे. ज्या मुलातून कोणीही मोठा निघावयाचा नाही, जे मोठे होऊन मासळी विकील, भात लावील, मजुरीचा हिशेब मात्र फसवणूक न होता वाचील, त्याचा हक्क देशमुखांच्या हक्काहून एका रतीनेही कमी नाही.

पट कमी का झाला, याचाही विचार न्यायात धरला पाहिजे. शाळा ओस पडण्याचे प्रकार दोन. एका ठिकाणी गावच ओस पडते. माणसे मुंबईस गेली, मुले जन्मासच आली नाहीत. तेथे शाळेचा ऱ्हास हा गावाच्या ऱ्हासाचा भाग होय आणि त्यास कोणी एक दोषी नाही. दुसऱ्या ठिकाणी गाव भरलेले असते, मुलेही पुष्कळ असतात. परंतु सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी मोटार नाक्यावर येते आणि फी भरू शकणाऱ्यांची मुले घेऊन जाते. मागे राहतात ती ज्यांस जाता येत नाही ती. गावात वजन असलेल्या माणसाचे मूल ज्या शाळेत नाही, तिचे गळके छप्पर ग्रामसभेत कोण काढणार? मग छप्पर गळते म्हणून आणखी दोघे जातात, पट विसांच्या खाली येतो, आणि पट नाही म्हणून शाळा मोडते. पहिल्या प्रकारच्या शाळेचा निकाल एक वेळ दुःखाने मान्य करता येईल. दुसऱ्या प्रकारात शाळा बंद करणे म्हणजे सधन निघून गेले या अपराधासाठी निर्धनास शिक्षा करणे होय. सरकारी तक्त्यात मात्र दोन्ही शाळा एकाच रकान्यात बसतात. कारण तक्त्यास संख्या कळते, तिचे कारण कळत नाही.

कोणी विचारील, तर मग एका मुलासाठीही शाळा चालवावी काय? या प्रश्नास बगल देणे योग्य होणार नाही. आमचे उत्तर असे की, समाजाचे देणे मुलाच्या शिक्षणाशी आहे. चार भिंतींशी अथवा शिक्षकाच्या नेमणुकीशी नाही. एका मुलाचे शिक्षण इतरत्र खरोखर अधिक चांगले होत असेल, तर त्यास तेथे नेणे हेच कर्तव्य ठरेल. पण हे सिद्ध करण्याचा भार शाळा बंद करू पाहणाऱ्यावर असला पाहिजे, आणि तो वाडीगणिक, मुलागणिक उचलला पाहिजे. पहिली-दुसरीची लहान मुले वाडीतच ठेवून थोर मुले पुढे पाठविणे, दोन शेजारच्या शाळांनी खेळ, वाचनालय आणि शिक्षक यांची देवघेव करणे, स्थलांतराच्या महिन्यांत मुलांची गावी राहण्याची सोय करणे, असे मधले मार्ग पुष्कळ आहेत. त्यांस कल्पकता लागते आणि थोडा पैसाही. सरसकट आकड्याचे आकर्षण एवढेच की, त्यास या दोहोंपैकी काही लागत नाही.

शेवटी, हा निर्णय कोणी घ्यावा? कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली असून तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे सांगितले आहे. जिल्ह्याचा कारभार लोकनियुक्त परिषदेकडे असावा, हा तर १९६२ च्या रचनेचा प्राण. असे असता रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर वेळेवर निवडणूक झाली नाही, आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. समूह शाळेचे प्रस्ताव मागविले गेले ते याच काळात. म्हणजे शाळा ठेवावी की मोडावी हा प्रश्न ज्या वेळी उभा राहिला, त्या वेळी त्याविषयी वाडीच्या वतीने बोलण्यास जिल्ह्याच्या सभागृहात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. अधिकारी कितीही सज्जन असला तरी तो आकडा पाहतो. ज्याचे मूल त्या आकड्यात आहे तोच मूल पाहतो. म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. कोणतीही शाळा बंद होण्यापूर्वी तिच्या पालकांची सभा त्या वाडीतच भरावी, पटावरील प्रत्येक मूल उद्यापासून कोठे, कसे आणि कोणाच्या खर्चाने शिकेल हे नावानिशी वाचून दाखवावे, आणि पालकांची संमती मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये. वर्षभराने तीच यादी पुन्हा त्याच सभेत वाचावी. यादीतील एखाद्या नावापुढे उत्तर नसेल, तर ती शाळा त्या मुलासाठी पुन्हा उघडावी. हे करण्यास जो तयार नाही, त्याने बचतीची भाषा खुशाल बोलावी. मुलांच्या हिताची बोलू नये.